प्रदर्शनातला मोठ्ठा कांदा: बी टाकण्यापासून टेबलावर मांडेपर्यंत, आणि मधे कुठं कुठं चुकतं

विदर्भात कांदा लावायला कोणाला शिकवायची गरज नाही. पण बाजाराचा कांदा आणि प्रदर्शनाचा कांदा ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दरवर्षी तेच होतं, लोक बाजाराच्या सवयी प्रदर्शनाच्या वाफ्यात घेऊन येतात, मग फेब्रुवारीत युरियाचा डोस मारतात आणि मार्चमधे विचारतात की भाऊ पात एवढी जोरदार आहे मग खाली कांदा का नाही. म्हणून हे सगळं एकदा क्रमानं लिहून ठेवतोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, बाकी सगळं त्यातूनच निघतं. कांद्याचं प्रत्येक पान म्हणजे आतला एक थर. कांदा पोसायला, म्हणजे खाली फुगायला, लागला की नवीन पानं येणं थांबत जातं. म्हणजे पोसणं सुरू होण्याआधी जेवढी पानं आणि जेवढी मोठी पानं तयार झाली, तेवढाच कांदा मोठा होणार. ८ पानांवर पोसायला लागलेलं झाड आणि ११-१२ पानांवर लागलेलं झाड यांच्यातला फरक नंतर कुठल्याच खतानं भरून निघत नाही. आपलं निम्मं काम थंडी संपायच्या आधीच झालेलं असतं.

## टप्पा १: प्रदर्शनाची तारीख आणि नियम आधी, बी नंतर

तालुका कृषी अधिकारी कार्यालयात किंवा आत्माच्या (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेच्या) ऑफिसात जाऊन प्रदर्शन कधी आहे आणि कांद्याचा गट कोणता आहे हे विचारून या. एक सर्वात वजनदार कांदा पाहिजे, का पाच सारखे कांदे पाहिजे, यावर सगळं नियोजन बदलतं. वजनाच्या गटात थोडा वाकडा-तिकडा कांदाही चालून जातो, संचाच्या गटात मात्र चार मोठे आणि एक लहान म्हणजे संच गेलाच.

तारीख कळली की मागे मोजा. रोप ४५ ते ५० दिवस, लागवडीपासून माना पडेपर्यंत (कांदा तयार होऊन पात मानेतून आडवी होईपर्यंत) ११० ते ११५ दिवस, सुकवायला १५ दिवस. साधारण १७५ दिवस धरा. म्हणजे १ मार्चच्या आसपास प्रदर्शन असेल तर बी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पडलं पाहिजे. मार्चअखेर असेल तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात.

इथंच पहिली मोठी चूक होते. आपल्याकडे रब्बी कांद्याचं रोप दिवाळीच्या आसपास टाकायची सवय, लागवड डिसेंबर-जानेवारीत. बाजारासाठी ते ठीक आहे. पण त्या कांद्याला पानं करायला वेळच मिळत नाही, फेब्रुवारीत दिवस मोठा होतो, ऊन चढतं, झाड लहान असतानाच पोसायला लागतं आणि मार्चअखेर ४० डिग्रीकडे पारा गेला की घाईघाईनं माना टाकून मोकळं होतं.

मग अजून लवकर, ऑगस्टच्या सुरवातीलाच बी टाकू का? तेही नको. रोप फार लवकर मोठं झालं, मान पेन्सिलीपेक्षा जाड झाली आणि मग डिसेंबर-जानेवारीत रात्री १० डिग्रीच्या खाली गेल्या की झाडाला वाटतं हिवाळा झाला, आता फुलावर यायचं, आणि डेंगळे, म्हणजे फुलाचे दांडे, निघतात. दोन्हीकडून आवळलेलं काम आहे. माझा सल्ला असा की दोन हप्ते करा, १५ दिवसांच्या अंतरानं. एका हप्त्यात डेंगळे जास्त निघाले तर दुसरा हाताशी राहतो.

अकोल्याचं कृषी विद्यापीठाचं प्रदर्शन डिसेंबरअखेरीस डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुखांच्या जयंतीला धरून भरतं, तसल्या डिसेंबरच्या तारखेला रब्बीचं हे वेळापत्रक बसतच नाही. तिथं खरीपाच्या जाती लागतात, बी जुलैमधे, आणि आकाराची अपेक्षा कमी ठेवायची. या लेखात रब्बी आणि रांगडा (खरीप आणि रब्बीच्या मधला हंगाम) यांचंच सांगतोय.

## टप्पा २: बी कोणतं घ्यायचं

मोबाईलवर इंग्लंडचे व्हिडिओ पाहून ऑनलाइन बी मागवणारे दरवर्षी वाढतायत. तिकडं २०२३ मधे हॅरोगेटच्या शोमधे ८.९७ किलोचा कांदा तोलला गेला, तो फोटो पाहिला की कोणालाही मोह होतो. पण तिकडचे केल्सी, आयल्सा क्रेग हे कांदे लाँग डे आहेत, म्हणजे दिवस साधारण १४ तासांच्या वर गेल्याशिवाय ते पोसायलाच लागत नाहीत. नागपूरला जूनमधला सगळ्यात मोठा दिवसही साडेतेरा तासांच्या आतच असतो. म्हणजे ते बी आपल्या वावरात कितीही जीव लावून वाढवलं तरी पात होईल, कांदा नाही. पैसे देऊन हिरवी पात घेतल्यासारखं आहे. शिवाय ते लोक ऐन हिवाळ्यात, नाताळच्या सुमारास बी टाकून दिव्याखाली रोपं वाढवतात, ते वेळापत्रकही आपल्या कामाचं नाही.

आपल्याला शॉर्ट डे जाती पाहिजे, ज्या साडेअकरा-बारा तासांच्या दिवसावर पोसतात.

लाल कांद्यात भीमा शक्ती माझी पहिली पसंती. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाची जात, रांगडा आणि रब्बी दोन्हीला चालते, डेंगळे आणि जोडकांदे कमी. भीमा किरण, एन-२-४-१, अ‍ॅग्रीफाउंड लाइट रेड याही रब्बीच्या चांगल्या जाती आहेत. पांढऱ्यात अकोला सफेद आपल्याकडचीच, आणि भीमा श्वेता. पांढऱ्याचा वेगळा गट असेल तर जरूर लावा, मात्र पांढऱ्यावर उन्हाचा डाग आणि हिरवेपणा लगेच दिसतो, त्याला जास्त सांभाळावं लागतं.

निव्वळ वजनच पाहिजे असेल तर पिवळा अर्ली ग्रॅनो. तोही शॉर्ट डेच आहे, मोठा होतो, गोडसर असतो, साल पातळ आणि टिकत नाही, म्हणून बाजारवाले त्याच्या नादी लागत नाहीत. प्रदर्शनाला टिकवणीचं काय करायचं आहे. फक्त गट 'लाल कांदा' असा लिहिलेला नाही ना, हे पाहून घ्या.

तपासा: कांद्याचं बी एका वर्षात जीव सोडतं. पाकिटावरची तपासणीची तारीख बघा, मागच्या वर्षीचं उरलेलं बी वापरू नका. २० दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ८-१० दिवस ठेवा, १४ च्या खाली उगवले तर ते बी सोडून द्या.

## टप्पा ३: जागा आणि वाफा, हे काम एप्रिल-मेपासून

लय लोक हा टप्पा ऑक्टोबरात सुरू करतात. तोवर उशीर झालेला असतो.

जागा निवडताना तीन गोष्टी. पहिली, दिवसभर ऊन, धुऱ्यावरच्या झाडाची सावली नको. दुसरी, त्या जागी मागचे तीन वर्षं कांदा-लसूण नको. तिसरी गोष्ट कोणी लक्षातच घेत नाही, ती म्हणजे तणनाशक. आपल्याकडे सोयाबीनवर इमेझेथापायर सर्रास मारतात, त्याचा अंश मातीत महिनोन् महिने राहतो आणि कांदा त्याला फार नाजूक आहे. रोप लावलं आणि ते नुसतं बसून राहिलं, पिवळं पडलं, वाढेना, तर पुष्कळदा कारण हे असतं. सोयाबीनच्या वावरापेक्षा घराजवळची, गोठ्याजवळची, तणनाशक न पाहिलेली जागा बरी.

खारपाणपट्ट्यातल्या लोकांनी, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातलं अकोला, अमरावती, बुलडाण्याकडचं जे क्षेत्र आहे तिथल्यांनी, बोअरचं पाणी आधी तपासून घ्या. कांदा खाऱ्या पाण्याला सोसत नाही, पानाचे शेंडे जळतात आणि वाढ खुंटते. शेततळ्याचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी असेल तरच तिथं या भानगडीत पडा. वाफा छोटा आहे, पाणीही थोडंच लागतं, होण्यासारखं आहे.

वाफा ४ फूट रुंद, २५ फूट लांब. एवढ्यात १०० रोपं बसतात आणि एका घरच्या माणसांना तेवढं नीट सांभाळता येतं. आपली काळी भारी माती कांद्याला अवघड जाते, पाणी धरून ठेवते आणि वाळली की आवळते, भेगा पडतात, मुळं तुटतात. म्हणून वाफा जमिनीपासून ९ ते १२ इंच उंच घ्या. थोडीशी वाळू टाकून भारी माती सुधारत नाही, उलट विटेसारखी होते. शेणखत, गांडूळखत आणि मिळाला तर नदीकाठचा पोयटा, हेच खरं. चांगलं कुजलेलं शेणखत ४० किलोच्या आसपास एका वाफ्याला. कच्चं शेणखत अजिबात नको, त्यातून हुमणी येते, तणाचं बी येतं, मूळ जळतं.

आता एप्रिल-मे का म्हटलं ते सांगतो. आपल्याकडचं ऊन फुकट आहे, ते वापरा. वाफा तयार करून भरपूर ओलवा, त्यावर पारदर्शक प्लास्टिक अंथरून कडा मातीनं दाबून टाका आणि ४ ते ६ आठवडे तसंच राहू द्या. मातीतल्या बुरश्या आणि तणाचं बी बरंचसं मरतं. काळं प्लास्टिक नको, पारदर्शकच. नंतर पावसाळ्यात वाफ्यावर ताग घ्या आणि फुलायच्या आत कापून गाडा, लागवडीच्या निदान ६ आठवडे आधी, म्हणजे तो पूर्ण कुजतो. सप्टेंबरचं बी धरणाऱ्यांनी ताग सप्टेंबरच्या मध्यापर्यंत गाडलाच पाहिजे.

लागवडीच्या आठ-दहा दिवस आधी एका वाफ्याला सिंगल सुपर फॉस्फेट २५० ग्रॅम आणि सल्फेट ऑफ पोटॅश १२० ग्रॅम मातीत मिसळा. हे हिशेब रब्बी कांद्याच्या हेक्टरी ११० नत्र, ४० स्फुरद, ६० पालाश या शिफारशीवरून वाफ्यापुरते काढलेले आहेत. पोटॅश सल्फेटचंच घ्या, कांद्याला गंधक लागतंच आणि या दोन खतांतून ते आपोआप मिळतं. डीएपी (गंधक नसलेलं स्फुरदाचं खत) टाकलं की गंधकाचं गणित चुकतं.

सावधान: 'प्रदर्शनाचा कांदा आहे, दुप्पट टाकू' असं करू नका. शेणखत थोडं जास्त चालतं, रासायनिक खत नाही.

## टप्पा ४: रोप

बाजाराच्या कांद्याचं रोप आपण गादीवाफ्यावर दाट टाकतो, उपटतो, मुळ्या तुटतात, शेंडे छाटतो आणि लावतो. रोपाला त्यातून सावरायला दोन आठवडे जातात. आपल्याकडे फालतू घालवायला दोन आठवडे नाहीत.

म्हणून प्रोट्रे, म्हणजे खाने असलेला प्लास्टिकचा ट्रे. कोकोपीट आणि गांडूळखत सारख्या प्रमाणात, त्यात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी). एका खान्यात दोन बिया, १ सें.मी. खोल. उगवल्यावर कमजोर रोप कात्रीनं कापून टाका, उपटू नका, शेजारचीही मुळी हलते. रोपाला तिसरं पान आलं की ४ इंची पिशवीत हलवा आणि तिथंच ४५-५० दिवसांचं होऊ द्या.

१०० जागांसाठी १६० तरी रोपं करा. निवड करता आली पाहिजे, हा या टप्प्याचा सगळा मुद्दा आहे.

सप्टेंबरात आपल्याकडे पाऊस असतो, परतीचा पाऊस ऑक्टोबरपर्यंत झोडपतो. ट्रे उघड्यावर ठेवला की मर रोग आलाच, रोप बुडाशी काळं पडून आडवं होतं आणि दोन दिवसांत अर्धा ट्रे साफ. वर प्लास्टिक, चारी बाजूंनी हवा मोकळी. शेडनेट नको, त्यातून पाऊस गळतो आणि रोपं सावलीत लांबुळकी होतात. पाणी सकाळी द्या, संध्याकाळी पृष्ठभाग कोरडा दिसला पाहिजे.

तपासा: लावायच्या दिवशी रोपाला ४-५ पानं, बूड पेन्सिलीपेक्षा बारीक, मुळी पांढरी. बूड पेन्सिलीएवढं किंवा जाड झालं असेल तर ते रोप वजनाच्या वाफ्यात लावू नका, डेंगळा तिथूनच निघतो. मोह होतो, कारण तेच रोप सगळ्यात तगडं दिसतं.

## टप्पा ५: लागवड

१ फूट बाय १ फूट. नेहमीच्या १५ बाय १० सें.मी. अंतरावर कांदा मोठा होतच नाही, शेजारी शेजाऱ्याला दाबतो. मात्र मोकळं अंतर दिलं की दुसरा धोका येतो, जोडकांदे आणि जाड मानेचे कांदे वाढतात. म्हणून मोकळ्या अंतराबरोबर पाणी एकसारखं आणि नत्र आवरतं हे दोन नियम पाळावेच लागतात, नुसतं अंतर वाढवून भागत नाही.

शेंडे छाटू नका. हे दोनदा सांगतो कारण मजूर लावले की ते सवयीनं छाटतातच, आधी सांगून ठेवा. रोप पिशवीत जेवढ्या खोलीवर होतं तेवढंच लावायचं. खोल गाडलं तर कांदा लांबट होतो.

लागवडीच्या महिनाभर आधी वाफ्याच्या चारी बाजूंनी मक्याच्या दोन ओळी टोबून ठेवा. फुलकिडे वाऱ्यावर येतात, मक्याच्या भिंतीला बरेच अडतात. दोन-तीन फूट अंतर राखा, म्हणजे सावली पडणार नाही.

## टप्पा ६: पानं करायचे ७०-७५ दिवस

हा सगळ्यात महत्त्वाचा काळ आहे आणि याच काळात लोक निवांत बसतात, कारण कांदा दिसत नाही.

युरिया एका वाफ्याला एकूण २४० ग्रॅम, तीन हप्त्यांत. ८० ग्रॅम लागवडीच्या आठवड्यात, ८० ग्रॅम ३० दिवसांनी, ८० ग्रॅम ४५ दिवसांनी. पाण्यात विरघळवून ओळींच्या मधे द्या, पानावर नाही. ४५ दिवसांनंतर युरिया बंद. १९:१९:१९ (नत्र-स्फुरद-पालाश) या विद्राव्य खताच्या फवारण्याही फार तर ६० व्या दिवसापर्यंत.

पाणी ठिबकनं, वाफ्याला दोन लॅटरल (ठिबकच्या नळ्या). कांद्याच्या मुळ्या वरच्या वीतभर मातीतच असतात, वर माती वाळली की झाडाला लगेच कळतं. शेतीची लाइट कधी रात्री येते कधी दिवसा, त्या भरवशावर हा वाफा ठेवू नका. उंचावर एक ड्रम ठेवून त्यातून ठिबक सोडा, म्हणजे मोटर कधीही चालो, वाफ्याला रोज ठरल्या वेळी पाणी मिळतं. आठ दिवस कोरडं आणि मग एकदम पाटानं भरपूर, यातूनच कांदे फुटतात आणि दुभाळके (जोडकांदे) निघतात.

निंदण हातानं, खुरपं वरच्यावर चालवायचं. खोल खांदणी केली की मुळ्या गेल्या. आणि पिकाला माती लावायची सवय इथं पूर्ण विसरा. कांद्याला मातीची भर द्यायची नसते, त्याचे खांदे उघडेच पाहिजे.

आता पात खुडण्याविषयी. थंडीत पातीच्या झुणक्याची चव वेगळीच असते हे खरं आहे, आणि घरातलं कोणीतरी सकाळी जाऊन 'एक-दोनच पानं' प्रत्येक झाडाची घेऊन येतं. सुरवातीला सांगितलं ना, एक पान म्हणजे एक थर. पान कापलं की त्या थरात साखर भरणारा कारखानाच बंद झाला. घरच्यांसाठी बाजूला वेगळी चार ओळी पात लावून द्या, मागणी तिथं भागते आणि वाफा वाचतो. मोडलेलं, वाऱ्यानं वाकलेलं पानही काढू नका, हिरवं आहे तोवर ते काम करतंय. पानं फार पसरायला लागली तर तुरीच्या चार काड्या रोवून भोवती सुतळीचा सैल वेढा द्या.

फुलकिडे. रोज सकाळी दोन-तीन झाडांची मधली पानं हळूच फाकवून आत बघा. बारीक पिवळसर किडे बुडाशी लपलेले असतात, पानावर चंदेरी ओरखडे दिसतात. खाली पांढरा कागद धरून झाड झटकलं तरी कळतं. ढगाळ नसलेल्या कोरड्या दिवसांत ते भराभर वाढतात. सुरवात निंबोळी अर्कानं करा, १ लिटरला ५० ग्रॅम निंबोळी पावडर रात्रभर भिजवून, गाळून, थोडा साबण घालून, संध्याकाळी. निळे चिकट सापळे लावा. तरी आटोक्यात येत नसेल तर फिप्रोनिल १ मि.ली. प्रति लिटर, लेबल वाचून, तोंडाला रुमाल-मास्क आणि हातमोजे घालून. कांद्याचं पान मेणचट असतं, स्टिकर (औषध पानाला चिकटवणारं द्रव्य) घातल्याशिवाय कुठलंही औषध ओघळून मातीत जातं. दर वेळी एकच औषध मारू नका.

करपा. डिसेंबर-जानेवारीत आभाळ भरून आलं, धुकं पडलं की लगेच बघा. पानावर पांढुरके खोलगट चट्टे, मधे जांभळट झाक. मॅन्कोझेब २.५ ग्रॅम प्रति लिटर, पुढची फवारणी लागलीच तर ट्रायसायक्लाझोल १ ग्रॅम. पानावर पाणी पडू न देणं हा अर्धा इलाज आहे, म्हणूनही ठिबक.

सावधान: कांदा फुगवायचं म्हणून दुकानदार क्लोरमेक्वाटसारखं वाढरोधक हातात देतो. ते वरची वाढ दाबतं. आपल्याला वरची वाढच पाहिजे आहे. घेऊ नका.

## टप्पा ७: पोसायला लागला हे कसं ओळखायचं, आणि मग काय बदलायचं

मानेची जाडी आणि खालच्या कांद्याची जाडी मोजा. कांदा मानेच्या दुप्पट झाला की पोसणं सुरू झालं समजा. लवकर लावलेल्या वाफ्यात हे जानेवारीत दिसायला लागतं.

त्या दिवसापासून नत्र शून्य. उशिरा युरिया दिला की पात पुन्हा हिरवीगार होते, पाहणारे वाहवा करतात, आणि मान जाड राहते, झोपत नाही, कांदा वाळत नाही, टेबलावर दोन दिवसांत मानेतून मऊ पडतो. पालाशची गरज वाटली तर ०:०:५० या पालाशच्या विद्राव्य खताची १० ग्रॅम प्रति लिटर फवारणी, १२-१५ दिवसांच्या अंतरानं दोनदा, बास.

पाणी मात्र आता वाढतं, कमी होत नाही. ऊन चढतंय आणि कांदा भरतोय. आच्छादनाचं कुटार टाकलं असेल तर कांद्याच्या बुडाजवळून बाजूला सारा, हवा लागू द्या. बाहेरची साल तडकली आणि त्यात माती-ओल शिरत असेल तर तेवढी तडकलेली साल हातानं हळूच सोलून काढा. वाळलेलं पानही बुडापर्यंत सोलून घ्या.

डेंगळा निघालेलं झाड स्पर्धेतून बाद. दांडा मोडून काही उपयोग नाही, आत कडक गाभा तयार झालेला असतो. ते उपटून भाजीत टाका, शेजारच्याला जागा होते. जोडकांदा बुडाशी चपटा आणि मधे खाच पडलेला दिसतो, तोही काढा. इथं माया करायची नाही.

रोज हात लावून बघण्यापेक्षा आठवड्यातून एकदा शिंप्याचा टेप घ्या आणि घेर मोजा. गोल कांद्याला अंदाज असा बसतो:

- घेर २५ सें.मी.: साधारण २६० ग्रॅम
- घेर ३० सें.मी.: साधारण ४५० ग्रॅम
- घेर ३५ सें.मी.: साधारण ७२० ग्रॅम
- घेर ४० सें.मी.: किलोच्या थोडा वर

चपटा कांदा असेल तर वजन यापेक्षा कमी भरतं. पाहा, ३० वरून ३५ वर गेला की वजन दीडपटीच्या वर जातं, म्हणून शेवटचे दोन-तीन आठवडे एवढे मोलाचे. लाल कांदा अर्ध्या किलोजवळ गेला तर आपल्या हवेत ते उत्तम काम आहे, त्याहून मोठ्याची अपेक्षा ग्रॅनोकडून करा. संचवाल्यांनी याच वेळी पाच नाही, आठ-दहा कांदे हेरून काडी रोवून ठेवा, घेरात १ सें.मी. पेक्षा जास्त फरक नको.

फेब्रुवारी-मार्चमधे गारपीट होतेच कुठं ना कुठं. बांबूच्या कमानी आधीच रोवून ठेवा, आभाळ आलं की वरून नेट ओढता आली पाहिजे. गार पडलेल्या कांद्यावरचा डाग नंतर सडतो.

## टप्पा ८: काढणी

माना आपोआप पडू द्या. ड्रम फिरवून, पायानं दाबून मान पाडायची पद्धत इथं चालत नाही, मान मोडली की वरून खाली येणारा माल तिथंच अडतो आणि जखमेतून सड शिरते. मोठ्या वावरात निम्म्या माना पडल्या की काढणी करतात, आपण मात्र प्रत्येक कांदा त्याच्या वेळेनं काढायचा.

पहिल्या माना लवायला लागल्या की पाणी बंद. त्यानंतर १०-१२ दिवसांनी, मान पूर्ण मऊ होऊन झोपली की काढा. पात धरून ओढू नका, बाजूनं खुरपं घालून मुळ्या सैल करा आणि खालून उचला. पडला, आपटला तर आतून काळा पडतो, वरून दिसत नाही.

सावधान: मार्चच्या उन्हात कांदा उघडा ठेवला तर दोन तासांत एका बाजूला पांढुरका मऊ डाग पडतो. वावरात वाळवायचा असेल तर एकाची पात दुसऱ्याच्या अंगावर येईल असा पसरवा. मी तर सरळ सावलीतच न्या म्हणेन, पडवीत किंवा गोठ्याच्या माळ्यावर जिथं वारा खेळतो तिथं, पातीसकट, एकमेकांना न टेकता. मोठा कांदा जमिनीवर ठेवला की बुडाला चपटेपणा आणि ओल येते, म्हणून प्रत्येकाखाली जुन्या लुगड्याची चुंबळ करून ठेवा. दोन दिवसाआड थोडा फिरवायचा. १२ ते १५ दिवस.

## टप्पा ९: सजवणी, नेणं, मांडणी

मान चिमटीत धरा, कोरडी आणि कागदासारखी वाजली पाहिजे. मग पात कापा, २ ते अडीच सें.मी. मान ठेवून, आणि नियमात मनाई नसेल तर ती दुमडून सुती दोऱ्यानं घट्ट बांधा. मुळ्या बुडाशी सपाट कापा, पण बुडाच्या चकतीला सुरी लागू देऊ नका.

साल काढण्यात हात आवरा. बाहेरची फाटकी, डागाळलेली तेवढीच. आतली चकचकीत साल काढत काढत लोक पांढऱ्या गरापर्यंत पोचतात आणि परीक्षक तो कांदा बाजूला ठेवतो, शिवाय प्रत्येक सालीबरोबर थोडं वजन आणि घेर जातोच. पाण्यानं धुवायचा नाही, तेलाचा हात फिरवायचा नाही. मऊ कोरडं फडकं पुरे.

नेताना खोक्यात कुटार भरून त्यात प्रत्येक कांदा वेगळा, मान वर. मोटरसायकलच्या डिक्कीत किंवा बाजाराच्या पिशवीत नेलेला कांदा रस्त्यातच खरचटतो. एक-दोन जास्तीचे कांदे बरोबर घ्या, संचात ऐनवेळी एखादा मऊ निघाला तर बदलता येतो.

मांडण्याआधी अंगठ्यानं मानेजवळ आणि बुडाजवळ हलकं दाबून बघा, कुठंही मऊ लागला तर तो ठेवू नका. सगळ्या कांद्यांच्या माना एका सरळ रेषेत, चांगली बाजू समोर. जातीचं नाव, पेरणीची आणि काढणीची तारीख चिठ्ठीवर मराठीत स्वच्छ लिहा. वजनाच्या गटात असाल तर घरच्या काट्यावरचं वजन लिहून न्या आणि तिथं तुमच्यासमोर तोललं जाईपर्यंत जागा सोडू नका.